काउंटरच्या कडेचा चाकू

ताईला राग यायला कारण लागत नसे, पण कारण मिळालं तर तिला बरं वाटे. आणि जुन्या लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईला कारणांचा काय तोटा? रिकामा ट्रक तोलताना ड्रायव्हर एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवणार, भरलेला तोलताना क्लीनर खाली उतरायचं विसरणार, आणि वर दोघंही असा चेहरा करणार की जणू आयुष्यात पहिल्यांदाच ट्रक बघतायत. ताई खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन शब्द सुनवायची. चाक आपोआप काट्यावर यायचं, क्लीनर उडी मारून उतरायचा. तोपर्यंत ताईचा चहा गार झालेला असायचा आणि तिला पुन्हा राग यायचा.

वखारीत यायचं ते पाडलेल्या इमारतींचं लाकूड. दारं, जिने, बाकं, कपाटांच्या पाठी. चांगलं निवडून विकलं जाई, उरलेलं बॉयलरच्या भट्टीत जाई. हे काही ताईला पटत नसे. "इतकी वर्षं पोरांची वजनं झेललेलं बाक," ती म्हणायची, "आणि शेवटी त्याचं काय करायचं, तर वाफ!" म्हणून बऱ्याच मालातून ती वीतभर तुकडा बाजूला काढून ठेवायची. मालक काही म्हणत नसे. ताईला काही म्हणायचं म्हणजे अर्धा दिवस वाया, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

ह्या तुकड्यांच्या ती चाकूच्या मुठी करून घ्यायची. खिशात मावणारे, घडीचे चाकू. जुन्या बाजारात मूठ तुटलेले, गंजलेले चाकू टोपलीत पडलेले असत. त्यातलं एखादं बरं पातं ती उचलायची आणि वखारीमागच्या सुतारकाकांकडे द्यायची. पात्याच्या दोन्ही अंगांना ज्या लाकडी पट्ट्या बसतात त्यांना सुतारकाका गाल म्हणत. "ताई, आज कुणाचे गाल आणलेत?" असं ते विचारत, आणि ताई सांगे: शाळेच्या बाकाचे. नाटकगृहातल्या खुर्चीच्या हाताचे. व्यायामशाळेतल्या डबलबारचे, ज्याला घामाचा वास अजून येत होता असं ताईचं म्हणणं होतं आणि दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. घरी एका उथळ खणात जाड कापड अंथरून हे सगळे चाकू ओळीने निजवलेले असत. त्यांना धार लावायची नाही, काही कापायचं नाही, फक्त तेलाचा हात फिरवायचा, असा तिचा कडक नियम.

"आपल्या घरात," नवरा येईल त्या पाहुण्याला सांगायचा, "खणभर चाकू आहेत आणि कांदा मात्र बोथट सुरीने चेचावा लागतो."

खणात न राहणारा एकच चाकू होता. तो ताईच्या पर्समध्ये असायचा, चाव्यांच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या सोबतीला. त्याची मूठ तिच्या वडिलांच्या काउंटरची होती.

काउंटर वडिलांचं म्हणायचं ते सवयीने. दुकान दुसऱ्याचं, कापडाचं. वडील तिथे नोकरीला. सकाळी उभे राहिले की रात्रीच बसायचे. माणूस डावखुरा आणि दुकानातली कात्री उजव्या हाताची, म्हणून ते कापडाला नखाएवढी चीर द्यायचे आणि बाकीचं टर्रकन फाडायचे. गिऱ्हाइकं त्या आवाजावर खूश असत. पण गिऱ्हाइकं काय काय करत! एकेक बाई भिंतभर तागे उघडायला लावायची, गालाला लावून बघायची, नवऱ्याला विचारायची, नवरा म्हणायचा तुझं तू बघ, आणि मग ती म्हणायची, "उद्या येते." वडील हसून म्हणत, "या की, दुकान तुमचंच आहे." चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायचे नाहीत. फक्त डाव्या हाताचा अंगठा काउंटरच्या कडेवर ठेवून दाबत राहायचे, घासत राहायचे. सगळा राग तिथे उतरायचा. एवढ्या वर्षांत त्या कडेला अंगठ्याएवढा गुळगुळीत खड्डा पडला होता. ताईला वडिलांचा राग पुरेपूर मिळाला आणि तो जिरवायची जागा तेवढी मिळाली नाही, असं तिची आई म्हणायची.

वडील गेले, आई गेली, पुढे दुकानही पाडलं. एका दुपारी ट्रक काट्यावर चढला आणि वरच्या ढिगात उलटं पडलेलं काउंटर ताईने खिडकीतून पाहिलं. ओळखलं ते त्या खड्ड्यावरून. ती काटा तसाच सोडून बाहेर धावली. वखारीतल्यांनी तिला माणसांवर ओरडताना पाहिलं होतं, लाकडाला हात लावून गप्प उभी राहिलेली प्रथमच पाहिली.

तेवढी कड तिने कापून घेतली आणि सुतारकाकांच्या हातात देताना बजावलं, "ह्याला रंधा लावायचा नाही. खड्डा आहे तसा राहिला पाहिजे."

सुतारकाकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "मग ही उजव्याच अंगाला बसेल. डावीकडे घ्यायची तर कड मारावी लागेल, खड्डा जाईल."

"कड मारलीत तर बघा."

झालं. चाकू तयार झाला खरा, पण तो तिच्या हातात कधी धड बसला नाही. खड्डा यायचा बोटांखाली आणि अंगठा पडायचा पलीकडच्या सपाट गालावर. धरलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटे. सुतारकाकांनीच घोळ घातला, म्हातारपणी नजर गेली त्यांची, असं ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली आणि त्यांच्याचकडून नवे चाकू करून घेत राहिली.

तर, धाकट्या भावाच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काम करायचा. स्वभावाने थेट वडिलांवर गेलेला. वीस फ्रेमा लावून, आरशात सगळीकडून बघून "जुनाच बरा दिसतो" म्हणणाऱ्या माणसालाही तो जुना चष्मा पुसून परत द्यायचा. ताईच्या चाकूंची तो थोडी थट्टा करायचा, पण हळू आवाजात. ऑपरेशनच्या दिवशी ताई वखारीतून परस्पर धावतपळत हॉस्पिटलात गेली. गेटवरच्या गार्डने पर्स उघडायला लावली आणि चाकू वर काढला.

"हे आत चालत नाही."

"अहो, त्याला धारही नाही. लोणी कापलं जायचं नाही त्याने."

"मग ठेवता कशाला?"

ह्याला उत्तर होतं, पण ते ऐकायला गार्डला वेळ नव्हता. मागे रांग लागली होती. त्याने चाकू निळ्या प्लास्टिकच्या बादलीत टाकला. आत आधीच्या सुऱ्या-कात्र्या होत्या, त्यांच्यावर तो खणकन आदळला.

"चिठ्ठी?" ताईने विचारलं.

"मोबाइलची चिठ्ठी देतो. चाकूची नाही. जाताना मागून घ्या."

वर धाकटा शुद्धीवर येत होता. डाव्याच हाताला सलाईन लावलेलं, त्यामुळे बिचाऱ्या डावखुऱ्याला उजव्या हाताने पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना. निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. भावजय पुसत होती. आणि ताई, जी खरं म्हणजे त्याला बघायला आली होती, ती खाटेशी उभी राहून त्याला बादलीची हकीकत सांगत होती.

"कुठला चाकू?" त्याने गुंगीत विचारलं.

"काउंटरचा रे!"

त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

खाली आली तर गार्ड बदललेला. बादलीही नाही. "बादली त्याच्या कपाटात असते," नवा गार्ड म्हणाला, "आणि किल्ली त्याच्याकडे. उद्या या." उद्या वखारीत मोठा माल यायचा होता, रजा मिळणं शक्य नव्हतं. परवा धाकट्याला सकाळीच घरी सोडलं. ताई संध्याकाळी पोचली, तेव्हा पहिला गार्ड दुपारच्या गाडीने गावी गेला होता, आठवड्याच्या रजेवर. कपाट उघडं होतं आणि त्यातली बादली रिकामी.

मग सुरू झाल्या फेऱ्या. स्टोअरमधला माणूस म्हणाला, आमच्याकडे फक्त हॉस्पिटलचं सामान, जप्तीचं सिक्युरिटीकडे. सिक्युरिटीचं ऑफिस पार्किंगच्या टोकाला, पत्र्याच्या खोलीत. तिथला सुपरवायझर जेवायला गेलेला. दुसऱ्या वेळी मीटिंगला. तिसऱ्या वेळी होता, पण किल्ली नव्हती. प्रत्येक जण गोड बोलायचा आणि पुढच्याकडे पाठवायचा. ताई काट्यावर ट्रकवाल्यांना सरळ करायची, पण इथे ओरडायचं कुणावर? ओरडलं तर "मॅडम, शांत व्हा" म्हणून खुर्ची द्यायचे, आणि खुर्चीवर बसून ओरडता येत नाही. रोज ती हात हलवत परत यायची आणि रोज घरी पोचल्यावर धाकट्याला फोन करायची. तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकून मग सगळा पाढा वाचायची.

"बाप रे," धाकटा म्हणायचा. कधी "हं". कधी "मिळेल गं."

"काय मिळेल! चपला झिजल्या माझ्या. बाबांचा अंगठा आहे त्याच्यावर, आणि हे लोक ताकास तूर लागू देत नाहीत."

"हं," धाकटा म्हणायचा.

शेवटी एकदा सुपरवायझर, किल्ली आणि ताई एका वेळी एका ठिकाणी आले. त्याने कोपऱ्यातलं पोतं ओढून जमिनीवर पालथं केलं. चाकूंचा ढीगच पडला. फळांचे, घडीचे, शिंगाच्या मुठीचे, पितळी पट्टीचे. काही इतके देखणे की एरवी ताईने तिथेच बैठक मारली असती. एका चाकूची मूठ कुठल्यातरी जुन्या मोजपट्टीची होती, आकडे अजून दिसत होते. तिने तो उचलला, पुसला आणि खाली ठेवला. हासुद्धा कुणीतरी पर्समध्ये घेऊन फिरत असेल, आणि त्याचाही पत्ता ह्यांना नाही. तिचा राग आणखी वाढला.

तासभर शोधलं. तिचा चाकू नव्हता.

"ह्यातला कुठलाही एक घ्या ना," सुपरवायझर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "दोन घ्या. हा बघा, नवाकोरा आहे. तुमच्या चाकूपेक्षा चांगला असेल."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याला सांगायचं काय? ती तशीच बाहेर आली आणि पार्किंगमधल्या एका स्कूटरच्या चाकावर तिने पर्स आपटली. स्कूटरचा हॉर्न आपोआप वाजायला लागला, तो थांबेना, आणि ती भरभर चालत सटकली.

गेटवर मात्र पहिला गार्ड उभा होता. रजेवरून परतलेला. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझा चाकू."

त्याने तिला ओळखलं. "लाकडी मुठीचा? एका बाजूला दबलेला? तो नेला की."

"कुणी नेला?"

"एकाने. म्हणाला, बहिणीचा आहे. मी म्हटलं ओळखा, तर त्याने बघितलंसुद्धा नाही. बादलीत हात घातला आणि चाचपून बरोबर तेवढाच काढला. म्हटलं, खरंच घरचा असेल."

"कसा होता दिसायला?"

"पेशंटच होता. पोट धरून, वाकून चालत होता. बायको बरोबर होती."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर! आठवडाभर ती लोकांपुढे नाक घासत होती, आणि हा फोनवर हं हं करत होता! रिक्षावाल्याला तिने पत्ता अशा आवाजात सांगितला की त्याने बिचाऱ्याने वाटेत एकदाही तोंड उघडलं नाही.

भावजयीने दार उघडलं आणि ताईचा चेहरा बघून "चहा टाकते" म्हणत आत पळाली. धाकटा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पोटाशी उशी धरलेली, मांडीवर ताटली. तो सफरचंद सोलत होता.

"हे काय आहे?" ताई दारातूनच गरजली.

धाकट्याने हातातल्या गोष्टींकडे पाहिलं. "सफरचंद," तो म्हणाला.

"मस्करी करू नकोस! मी तिकडे वेड्यासारखी हिंडतेय. पोती उपसतेय. तो सुपरवायझर मला म्हणतो दोन घ्या, आणि तू इथे बसून... आणि धार लावलीस त्याला? धार?"

"कापायला लावली."

"तो कापायचा चाकू नाही!"

"ताई, चाकू आहे तो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला द्यायलाच आणला होता." धाकटा खाली बघत म्हणाला. "रिक्षात बसल्यावर हातात धरून बसलो. घरी आल्यावरही धरून बसलो. मग तुझा फोन आला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू जास्तच चिडलेली होतीस."

"मग चिडू नको तर काय करू? माझा चाकू आहे तो!"

तेव्हा धाकट्याने मान वर केली. एवढ्या वर्षांत त्याला चिडलेलं ताईने पाहिलं नव्हतं, आणि आताही तो आवाज चढवत नव्हता. "काउंटर तुझ्या काट्यावर आलं, तेव्हा मला फोन केला होतास?"

ताईने खांद्यावरची पर्स सावरली.

"शाळा सुटल्यावर मी त्याच्या खाली बसून अभ्यास करायचो. वरती बाबा कापड फाडायचे. खालच्या फळीला मी खडूने आगगाडी काढली होती, तू तेव्हा मोठ्या शाळेत गेली होतीस. बाबांनी ती कधी पुसू दिली नाही. मालकालाही नाही. ती फळी कुठंय, ताई?"

ती फळी कुठे होती हे ताईला चांगलं ठाऊक होतं. आपल्याला हवी ती कड कापून झाल्यावर बाकीचं काउंटर बॉयलरच्या ट्रकमध्ये चढलं, तेव्हा काट्यावर तीच बसलेली होती. उलटं होतं ते काउंटर. खालची फळी वर आलेली असणार. तिने पाहिली नव्हती. ती फक्त खड्डा बघत होती, आणि धाकट्याला तिने सांगितलं ते चाकू तयार होऊन आल्यावर, त्याच्यापुढे मिरवत.

"मला काय माहीत, तिथे आगगाडी होती," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा मोठा निघाला नाही. मग तिने तो मोठा केला. "तू सांगायचं होतंस! तुझ्या तोंडात काय मिठाची गुळणी आहे? मनात ठेवायचं, ठेवायचं आणि मग बहिणीचा चाकू लंपास करायचा!"

"घेऊन जा," धाकटा म्हणाला. "एवढं सोलून देतो."

आणि तो पुन्हा सोलायला लागला. साल एका लांब पट्टीत ताटलीत उतरत होती. ताई अजून बोलणार होती, तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ शिल्लक होतं, पण तिची नजर त्याच्या हातावर गेली. डाव्या हातावर. मूठ त्याच्या पंजात लपली होती आणि अंगठा बरोब्बर खड्ड्यात होता. नुसता टेकलेला नव्हता. तो बोलत नव्हता, चेहऱ्यावर रेघ नव्हती, आणि अंगठा दाबत होता, घासत होता.

चष्म्याच्या दुकानातलं काउंटर काचेचं आहे, हे तिला आठवलं. तिने कितीदा पाहिलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना धाकटा फडकं घेऊन काचेवरचे आपल्याच अंगठ्याचे ठसे पुसायचा. काचेला खड्डा पडत नाही.

"दे इकडे," ती म्हणाली.

त्याने पातं ताटलीच्या कडेला पुसलं आणि चाकू तिच्यापुढे धरला. ताईने तो घेतला. नेहमीसारखा उजव्या हातात; खड्डा बोटांखाली, अंगठा सपाटीवर, नेहमीसारखंच चुकलेलं. मग तिने तो डाव्या हातात घेतला. अंगठा आपसूक आत जाऊन बसला. सुतारकाकांची नजर ठीक होती. त्यांच्या नावाने इतकी वर्षं तिने उगाच शंख केला होता.

त्याच हाताने तिने सफरचंद सोलून बघितलं. पातं घसरलं, सालीबरोबर गराचा मोठा लगदा निघाला, आणि सफरचंद हातातून सुटून कपाटाखाली गेलं.

"धत् तुझी!" ताई ओरडली, आणि तिला रडू फुटलं. रागाचंच होतं ते. चहा घेऊन आलेली भावजय दारातच थबकली. धाकट्याने पोट धरून उठायचा प्रयत्न केला.

"बस खाली, टाके तुटतील!" ताईने त्याला दरडावलं. गुडघे टेकून तिने कपाटाखालून सफरचंद काढलं, स्वयंपाकघरात जाऊन धुऊन आणलं आणि ताटलीत ठेवलं. शेजारी चाकू ठेवला, मूठ त्याच्या डाव्या हाताकडे करून.

"सोल," ती नाक पुसत म्हणाली. "बघत काय बसलास? मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."